शल्यचिकित्सकांची मराठी आत्मकथने आणि निवासी डॉक्टरांचे शिक्षण : परळपासून उपनगरांपर्यंत

मराठी आत्मचरित्रवाङ्मयाचा विचार करताना समीक्षेने समाजसुधारकांची आत्मवृत्ते, स्त्रियांची आत्मकथने आणि दलित स्वकथने यांची विस्ताराने दखल घेतली आहे. त्या मानाने व्यावसायिकांची आत्मकथने, विशेषतः डॉक्टरांची, समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिली. ती आवडीने वाचली जातात, ग्रंथालयांतून त्यांना मागणी असते. परंतु समीक्षक ‘प्रेरणादायी’ या एका विशेषणावर त्यांची बोळवण करतात. हे विशेषण सोयीचे आहे. ते लावले की पुस्तकाला प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

प्रस्तुत निबंधात दोन आत्मकथने विचारार्थ घेतली आहेत : डॉ. रवी बापट यांचे ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ आणि डॉ. वि. ना. श्रीखंडे यांचे ‘...आणि दोन हात’. दोन्ही लेखक मुंबईतील नामवंत शल्यचिकित्सक आहेत आणि दोघांच्याही हाताखाली सर्जनांच्या पिढ्या तयार झाल्या. सर्जन कसा घडतो हे ही पुस्तके सांगतात. तो कोणाच्या देहावर घडतो आणि शहराच्या कोणत्या भागात घडतो, या दोन प्रश्नांविषयी हा वाङ्मयप्रकार काय बोलतो आणि कोठे गप्प बसतो, एवढाच मर्यादित शोध येथे घ्यावयाचा आहे. प्रश्न मर्यादित असला तरी निरुपद्रवी नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील महापालिका रुग्णालयांत आज रात्री पोट दुखते म्हणून जो माणूस दाखल होईल, त्याच्या पोटावर पहिला हात निवासी डॉक्टरचाच पडणार आहे.

शीर्षकांपासून आरंभ करणे योग्य ठरेल. बापटांच्या पुस्तकाला व्यक्तीचे नाव नाही, गुणाचे नाही. एका वॉर्डाचा क्रमांक आहे. चेकॉव्हच्या ‘वॉर्ड नंबर सहा’ या १८९२ च्या कथेची आठवण वाचकाला झाल्यावाचून राहत नाही. चेकॉव्हचा वॉर्ड हा कोंडवाडा आहे, तर बापटांचा वॉर्ड हे घर आहे. आत्मकथनाचा नायक वॉर्ड असणे ही साधी गोष्ट नव्हे. ‘मी’ला बाजूला सारून संस्थेला मध्यभागी आणण्याचा तो प्रयत्न आहे. गिरणगावाच्या ऐन मध्यात १९२६ पासून उभे असलेले के.ई.एम. रुग्णालय, तेथील शल्यविभाग, गुरुजन, परिचारिका, वॉर्डबॉय आणि खाटांवरचे कामगार यांच्या सहवासात एक माणूस सर्जन होतो, पुढे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कुलगुरू होतो, तरी स्वतःची ओळख वॉर्डाच्या क्रमांकाने सांगतो. पुस्तक शब्दांकित आहे. त्यामुळे त्याच्या भाषेला गप्पांचा ओघ आहे. त्याचबरोबर गप्पांचा एक धर्मही तिने स्वीकारला आहे. गप्पांत माणूस जिंकलेले किस्से सांगतो, आणि हरलेले सांगितले तरी ऐकणाऱ्याची करमणूक होईल अशा बेताने सांगतो.

श्रीखंड्यांच्या पुस्तकाचे शीर्षक अधिक गुंतागुंतीचे आहे. सर्जनचे दोन हात हा त्याचा सरळ अर्थ. परंतु ‘दोन हात करणे’ म्हणजे झुंजणे, हा वाक्प्रचार मराठी वाचकाच्या कानात आधीच असतो, आणि आरंभीची तीन टिंबे हात येण्यापूर्वीचे बरेच काही सूचित करतात. हे सूचन पुस्तकात फळते. शिकाऊ अवस्थेत शस्त्रक्रिया करताना आपला हात थरथरत असे, ही कबुली श्रीखंडे देतात. ज्याचा हात कापतो त्याने शस्त्र धरू नये, हा लोकांचा आणि पुष्कळ सर्जनांचाही समज असतो. अशा हाताच्या धन्याने स्वादुपिंड व पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियांत नाव मिळवावे, यात आत्मकथनाला लागणारे सगळे नाट्य आहे. मराठी वैद्यकीय आत्मकथनांत इतकी नेमकी आणि इतकी शारीरिक कबुली क्वचितच सापडते. या एका गोष्टीसाठी ते पुस्तक शल्यविभागातील प्रत्येक निवासी डॉक्टरने वाचावे असे आहे.

मात्र याच ठिकाणी वाङ्मयप्रकाराची मर्यादा उघड होते. थरथरीची हकिगत विजयाच्या टोकावरून मागे वळून सांगितली आहे. कंप हा नायकाच्या मार्गातील अडथळा आहे. तो ओलांडला जातो आणि कथा पुढे सरकते. ज्या दिवशी हात थरथरत होता त्या दिवशी त्या हाताखाली कोण निजले होते, हा प्रश्न कथेच्या रचनेतच बसत नाही. हा दोष एकट्या श्रीखंड्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आत्मचरित्राचे व्याकरणच असे आहे की त्यात कर्ता एक असतो. सर्जनच्या आत्मचरित्रात तर कर्त्यासमोर भूल दिलेला, डोळे मिटलेला आणि म्हणून आपली बाजू कधीही न सांगणारा दुसरा माणूस असतो. डॉ. अरुण लिमये यांनी ‘क्लोरोफॉर्म’मध्ये वैद्यकीय व्यवसायातील अपप्रवृत्तींवर बोट ठेवले, तेव्हा त्या शीर्षकातच ही बेशुद्ध शरणागती व्यक्त झाली होती. पुढे आलेल्या सर्जनांच्या आत्मकथनांनी तो धागा उचलला नाही. ती गुणगौरवाकडे वळली.

शिकणाऱ्या हाताची किंमत

या संदर्भात एका इंग्रजी पुस्तकाचा विचार टाळता येत नाही. अमेरिकेतील सर्जन अतुल गवांदे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे, तेही शल्यचिकित्सकच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गवांदे यांच्या ‘कॉम्प्लिकेशन्स’ या पुस्तकाच्या आरंभीच्या प्रकरणात बोस्टनच्या रुग्णालयात शिकणारा तरुण निवासी डॉक्टर रुग्णाच्या गळपट्टीच्या हाडाखालील मोठ्या शिरेत नळी घालण्याचा प्रयत्न करतो आणि पुनःपुन्हा चुकतो. गवांदे ती चूक किश्शासारखी सांगत नाहीत. ते रुग्णाच्या बाजूने विचारतात : हे कौशल्य कोणावर तरी शिकावेच लागणार, मग ते कोणावर? आणि याच प्रकरणात ते स्वतःला अडचणीत आणणारी गोष्ट सांगतात. त्यांच्या तान्ह्या मुलाच्या हृदयात गंभीर दोष निघाला. पुढील देखरेखीसाठी शिकाऊ तज्ज्ञ उपलब्ध होता, पण त्यांनी अनुभवी तज्ज्ञाची निवड केली. इतरांच्या मुलांवर शिकलेल्या माणसाने आपले मूल शिकणाऱ्याच्या हाती दिले नाही. हा निर्णय कोणताही बाप घेईल. परंतु तो छापून प्रसिद्ध करणारे सर्जन थोडे.

गवांदे यांच्या लेखनाची तुलना मराठी आत्मकथनांशी करताना सावधगिरी हवी. ते ऐन तिशीत, प्रशिक्षण चालू असताना लिहीत होते. बापट आणि श्रीखंडे यांची पुस्तके कारकिर्दीच्या उत्तरार्धातील आहेत. एकाला अजून सर्जन व्हायचे होते, दुसऱ्यांना होऊन गेलेले आठवायचे होते. हा केवळ वयाचा भेद नाही. शिकण्याची भीती शिकत असतानाच लिहिली तर ती भीती राहते. चाळीस वर्षांनी लिहिली तर ती आठवण होते. मिखाइल बुल्गाकोव्ह १९१६ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन रशियातील स्मोलेन्स्क प्रांताच्या आडगावी एकटाच डॉक्टर म्हणून गेला. त्या अनुभवांवर त्याने १९२० च्या दशकात लिहिलेल्या कथांतील तरुण डॉक्टर पाय चिरडलेल्या मुलीचे अवयवच्छेदन करताना ती टेबलावरच मरावी, म्हणजे आपली सुटका होईल, अशा विचारापर्यंत जातो. असा विचार मराठीत कोणत्याही निवासी डॉक्टरच्या मनात आला नसेल असे मानण्याचे कारण नाही. तो लिहून ठेवण्यासाठी लागणारा वाङ्मयीन अवकाश मात्र आपण त्याला दिला नाही.

मुंबईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शहराच्या शल्यशिक्षणाची उभारणी दीर्घकाळ मानद पद्धतीवर झाली. ज्येष्ठ सर्जन सकाळी सार्वजनिक रुग्णालयात येत, ओपीडी व राउंड घेत, शस्त्रक्रिया करीत व शिकवीत आणि दुपारनंतर आपल्या खासगी रुग्णालयात जात. या पद्धतीने मुंबईला असामान्य शिक्षक दिले, हे निर्विवाद आहे. भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये केली ती जे. जे. रुग्णालयात, धनिकांच्या दवाखान्यात नव्हे. हेही या परंपरेचेच भूषण. पण त्याच पद्धतीत रुग्णांची सरळ विभागणीही होती. सकाळचा रुग्ण शिकणाऱ्यांचा, दुपारचा रुग्ण शिकलेल्याचा. बोस्टनमध्ये गवांदे यांना जो प्रश्न आपल्या मुलाच्या निमित्ताने पडला, त्याचे उत्तर मुंबईने घड्याळाच्या काट्यावर आधीच देऊन ठेवले होते. आत्मकथनांत सकाळचे वर्णन रसाळ येते आणि दुपारचे ओझरते. दोहोंना जोडणारा विचार येत नाही.

संमतीपत्राचा मुद्दा येथेच नोंदवावा लागतो. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, आणि तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे उपचारासाठी दिलेली संमती नव्हे. कोणती शस्त्रक्रिया होणार, हे त्यामुळे सांगणे आले. शस्त्र कोणाच्या हाती असणार आणि त्या हाताची ही कितवी वेळ, हे सांगण्याचा प्रघात मात्र वॉर्डात पडलेला नाही. तो पाडला तर कोणी शिकूच शकणार नाही, असे उत्तर दिले जाते. हे उत्तर खरेही असेल. ते रुग्णासमोर कधी दिले गेलेले नाही, एवढेच.

बेटाबाहेरचा वॉर्ड

दुसरा प्रश्न स्थळाचा. मुंबईतील सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालयांचा नकाशा पाहिला तर ग्रँट (१८४५) भायखळ्यात, टोपीवाला (१९२१) मुंबई सेंट्रलला, सेठ जी. एस. (१९२६) परळला आणि लोकमान्य टिळक (१९६४) शीवला, बेटाच्या अगदी उत्तर टोकावर. शीवच्या पुलापलीकडे, माहीमच्या खाडीपलीकडे पुढील अर्धशतक महापालिकेचे एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. जुहू येथील कूपर रुग्णालयाला जोडून हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले ते २०१५ मध्ये. दरम्यान माणसे केव्हाच उत्तरेला सरकली होती. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३०.८५ लाख होती, तर मुंबई उपनगर जिल्ह्याची ९३.५७ लाख. दर चार मुंबईकरांपैकी तीन उपनगरात राहत होते आणि सर्जन घडविणारी मोठी केंद्रे चौथ्याच्या अंगणात होती.

आत्मकथनांचा भूगोल हा याच नकाशाची प्रत आहे. परळ, भायखळा, दादर ही त्यांची क्षेत्रे. उपनगर त्या वॉर्डाच्या दृष्टीने रुग्ण जेथून येतो ते ठिकाण. तेथेही एक वॉर्ड आहे, तेथेही रात्रीचा डॉक्टर जागा आहे, हे कथेला माहीत असण्याचे कारण पडत नाही. वस्तुतः घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अगरवाल ही महापालिकेची सर्वसाधारण रुग्णालये कित्येक वर्षे शल्यशिक्षणाचीही ठिकाणे आहेत. पण त्यांतील शिक्षण विद्यापीठाच्या एम. एस. पदवीच्या राजमार्गाने आले नाही. मुंबईत १९१२ साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच्या पदविका व फेलोशिप आणि पुढे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी. एन. बी. या वाटांनी उपनगरी रुग्णालयांत निवासी डॉक्टर येत राहिले. पहिल्या वाटेची मान्यता वेळोवेळी वादात सापडली, दुसरीला समकक्षतेसाठी दीर्घकाळ झगडावे लागले. मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात ‘जी. एस.चा’ आणि ‘ग्रँटचा’ ही बिरुदे आहेत. ‘राजावाडीचा सर्जन’ असे बिरुद कोणी लावीत नाही. ज्याला बिरुद नाही त्याचे आत्मचरित्र प्रकाशकाकडे कसे जाणार?

उपनगरी वॉर्डात शिकण्याचा पोतही वेगळा आहे. मोठ्या रुग्णालयात उतरंड असते : प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, व्याख्याता, मग तिसऱ्या वर्षाचा, दुसऱ्या वर्षाचा, पहिल्या वर्षाचा निवासी. पहिल्या वर्षाचा मुलगा रक्ताच्या बाटल्या आणतो, ड्रेसिंग करतो, पलंगाच्या कठड्याला दोरा बांधून गाठी मारण्याचा सराव करतो आणि ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ या जुन्या मंत्रावर दिवस काढतो. ही उतरंड जाचक असते, तशी ती जाळीही असते. वरचा हात चुकला तर त्याच्याही वरचा सावरतो. जेथे शिक्षकांची पदे थोडी आणि विशेष शाखा मर्यादित, तेथे ही जाळी विरळ होते. हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स, मधुमेहाने सडलेला पाय, जळालेली स्त्री, रुळांवरून उचलून आणलेला प्रवासी, असे सामान्य शल्यचिकित्सेचे खरेखुरे सामान्यपण उपनगरी निवासी डॉक्टरला मोठ्या रुग्णालयातील सवंगड्याहून कदाचित अधिक भेटते. त्याच्या अंगी आणखी एक कौशल्य येते, ज्याला कोणत्याही अभ्यासक्रमात नाव नाही : काय आपल्याला झेपणार नाही हे ओळखून रुग्णाला रात्री शीव किंवा परळकडे वेळेत रवाना करणे. वॉर्डाच्या मराठीत याला ‘रेफर मारणे’ म्हणतात. त्या क्रियापदातच तुच्छता आहे. पाठविणाऱ्याने अंग झटकले असा तीत आरोप आहे, आणि तो पुष्कळदा स्वीकारणाऱ्या वॉर्डाकडून होतो. त्याच वॉर्डांची आत्मकथने मराठीत आहेत, पाठविणाऱ्यांची नाहीत. त्यामुळे या क्रियापदाची एकच बाजू वाङ्मयात नोंदली जाते.

११ जुलै २००६ ची संध्याकाळ याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. त्यांतील जोगेश्वरी, बोरिवली, खार अशी अनेक ठिकाणे उपनगरांत होती. त्या रात्री भगवती व कूपर या रुग्णालयांत जखमी येत राहिले. नेहमी पुढे पाठविण्याचे ठिकाण मानली गेलेली रुग्णालये त्या रात्री स्वीकारण्याची ठिकाणे झाली. शल्यशिक्षणात अशा एका रात्रीचे मोल वर्षाच्या व्याख्यानांहून अधिक असते. तरीही त्या रात्री उपनगरातील निवासी डॉक्टर काय शिकले, याचे मराठी वाङ्मयात काय उमटले हा प्रश्न विचारला तर हाती फारसे लागत नाही. वृत्तपत्रांनी मृतांची व जखमींची संख्या दिली आणि शहराच्या ‘स्पिरिट’चे कौतुक केले, टाके घालणारे हात त्या कौतुकात विरघळून गेले.

जागरणाचे काव्य

आत्मकथनांची एक शिकवण मात्र उपनगरांतही पूर्णपणे पोहोचली आहे, आणि ती म्हणजे जागरणाचे माहात्म्य. ‘आमच्या वेळी छत्तीस छत्तीस तास उभे असायचो’ हे वाक्य सर्जनांच्या प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला ऐकविले आहे. या वाक्याचे मूळ परळमध्ये नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ नंतर विल्यम हॉल्स्टेड यांनी जर्मन धर्तीवर निवासी पद्धती रुजविली. शिकाऊ सर्जनने रुग्णालयातच राहावे, अनिश्चित वर्षे राहावे आणि शेवटी एखादाच शिखरावर पोहोचावा, अशी ती मनोऱ्यासारखी रचना. ‘निवासी’ हा शब्द तेथून आला. ही शिस्त घालून देणारे हॉल्स्टेड स्वतः कोकेनच्या व पुढे मॉर्फीनच्या आहारी गेलेले होते, ही गोष्ट गुरुपरंपरेच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही.

नियम कागदावर नाहीत असे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ च्या आदेशाने निवासी डॉक्टरांचे काम सामान्यतः सलग १२ तासांहून अधिक नसावे आणि आठवड्याला ४८ तास असावे असे सुचविले होते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत आकडा गेला आणि ‘वाजवी’ हे विशेषण आले : वाजवी तास, वाजवी विश्रांती. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा शिफारशीच्या रूपात मांडली. ४८ वरून ‘वाजवी’कडे आणि तेथून ७४ कडे झालेला हा प्रवास भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगा आहे. कायद्याच्या भाषेत विशेषण आले की आकडा वॉर्डातील ज्येष्ठ ठरवतो.

तास कमी केले तर सर्जन कच्चे राहतील, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन या तरुणीच्या मृत्यूनंतर दमलेल्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००३ पासून सर्व अमेरिकेत आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. पुढे ११७ सामान्य शल्यचिकित्सा प्रशिक्षण केंद्रांत केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की पाळ्यांच्या लांबीचे नियम सैल केल्याने रुग्णांच्या परिणामांत लक्षणीय फरक पडला नाही. या निष्कर्षाचा आधार घेऊन मर्यादाच नकोत असे सुचविणारे एक गोष्ट विसरतात : त्या चाचणीत दोन्ही गटांना आठवड्याची ८० तासांची मर्यादा होतीच.

जागरणाच्या काव्याला दुसरी जोड मिळते ती गुरुशिष्य परंपरेच्या भाषेची. ‘सरांनी घडविले’, ‘सरांच्या शिव्या म्हणजे आशीर्वाद’ अशा वाक्प्रयोगांत कृतज्ञता असते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याला शिव्या आशीर्वादासारख्या लागत नाहीत त्याच्यासाठी या भाषेत शब्द उरत नाही. २२ मे २०१९ रोजी नायर रुग्णालयातील स्त्रीरोग विभागाच्या निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी आत्महत्या केली आणि ज्येष्ठांनी केलेल्या जातीय छळाचा आरोप न्यायालयासमोर आला. विभाग शल्यचिकित्सेचा नव्हता. पण उतरंडीची रचना तीच होती. आदिवासी तडवी भिल्ल समाजातून आलेल्या, जळगाव जिल्ह्यातून मुंबईत शिकायला आलेल्या मुलीला ‘घडविणे’ या क्रियापदाखाली काय काय सोसावे लागू शकते, हे त्या प्रकरणाने महाराष्ट्राला विचारायला लावले. ज्येष्ठ सर्जनांची आत्मकथने त्यानंतर पूर्वीच्या निरागसपणे वाचता येत नाहीत. हा त्या लेखकांचा दोष नव्हे; पुस्तके तीच आहेत, वाचक बदलला आहे.

आत्मचरित्र न लिहिणाऱ्या उपनगरी निवासी डॉक्टरच्या नावावर एक लेखन मात्र निश्चित असते : लॉगबुक. तीन वर्षांत केलेल्या प्रत्येक कामाची नोंद त्यात ठेवावी लागते, आणि नोंदीच्या पायऱ्या चार : पाहिले, साहाय्य केले, देखरेखीखाली केले, स्वतंत्रपणे केले. समीक्षेच्या दृष्टीने हा मजकूर दुर्लक्षिण्याजोगा नाही. एका माणसाचे सर्जन होणे येथे चार क्रियापदांत मावते, आणि त्यांची क्रमवारी हीच कथेची गती. रुग्णाचे वय, नोंदणी क्रमांक आणि निदान लिहिले जाते. ‘साहाय्य केले’ वरून ‘स्वतंत्रपणे केले’ वर उडी कधी पडली आणि त्या वेळी शेजारी कोण उभे होते, हे मात्र सहीवरून ताडावे लागते. सह्या पुष्कळदा परीक्षेच्या तोंडावर गठ्ठ्याने होतात. आत्मकथनात जो ‘मी’ ऐसपैस पसरतो तो लॉगबुकात अध्याहृत आहे. थरथरणाऱ्या हातासाठी दोन्हीकडे रकाना नाही. श्रीखंड्यांनी तो स्वतः आखून घेतला, एवढाच अपवाद.

या पार्श्वभूमीवर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्याय पुन्हा वाचावासा वाटतो. ‘योग्या’ म्हणजे सराव. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. भेदनाचा पाण्याने व चिखलाने भरलेल्या चामडी पिशव्यांवर. शिरावेधाचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. टाक्यांचा जाड वस्त्रांवर. पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. ग्रंथ मुखोद्गत असला तरी सराव न केलेला शिष्य कर्माला अपात्रच, असा तेथील दंडक. प्राचीनांना सर्व ठाऊक होते, छाप गौरवासाठी हा उल्लेख नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने हा दुध्या परत आणला आहे, म्हणून तो आहे. उघड्या शस्त्रक्रियेत गुरू शिष्याच्या हातावर हात ठेवू शकत असे. पडद्याकडे पाहून लांब दांड्यांची साधने चालविताना ते जमत नाही. म्हणून पेटीत बसविलेल्या कॅमेऱ्यासमोर दोरे, मणी, कोंबडीचे मांस घेऊन तासन्तास हात बसवावा लागतो. अशी साधी पेटी फार खर्चाची वस्तू नाही. राजावाडीत वा भगवतीत ती ठेवता येते, आणि तिच्यावर चुकलेल्या हाताचा हिशेब कोणत्याही रुग्णाच्या अंगावर लिहिला जात नाही.

त्या अध्यायातील क्रियापदाचे रूपही नजरेआड करता येत नाही. शिष्याने सराव करावा असे तेथे म्हटलेले नाही; आचार्याने शिष्याकडून तो करवून घ्यावा असे म्हटले आहे. क्रियापद प्रयोजक आहे, आणि त्याचा कर्ता शिकणारा नसून शिकविणारा आहे. लॉगबुकातील चारही क्रियापदांचा कर्ता निवासी डॉक्टर आहे. ‘करवून घेतले’ असा रकाना त्यात नाही.